पहिल्या शब्दाचा वक्ता

९ मार्च, रविवार
गुड फ्रायडेला मला शब्द मिळाला! प्रभूने क्रूसावर उच्चारलेले सात शब्द, सात वक्ते, दुपारी बारा ते तीन. मला पहिला, क्षमेचा. कराडच्या आमच्या चर्च कमिटीला बारा वर्षांनी अक्कल आली. हे पार पडलं की पाळकसाहेब मला खेड्यांवरच्या उपासना चालवायला देणार. म्हणजे माझी सेवा सुरूच. अट एकच: तोवर दर मंगळवारी आत्मिक मार्गदर्शकाकडे जायचं. आणि मार्गदर्शक कोण? येसूबाई! मिशन दवाखान्यातली रिटायर्ड आया. मी एम.एस्सी.

११ मार्च, मंगळवार
गेलो. वाटलं, बायबल काढेल. तिने सरकारी दवाखान्यात पेशंटांजवळ नेऊन बसवलं. म्हणाली, बोलू नगंस, नुस्तं ऐक. मी एका आजोबांना क्षमेवर थोडंसं सांगितलं. वीस मिनिटं. त्यांनी तोंडावर चादर ओढून घेतली. विषय खोलवर गेला असावा.

१८ मार्च
गेलो नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल. (उद्या आहे. पण तयारी लागतेच.)

२५ मार्च
गेलो नाही. पवित्र आत्मा थेट शिकवत असताना मध्ये येसूबाई कशाला? पाळकसाहेबांना फोनवर हेच विचारलं. ते म्हणाले, विश्वजित, जो कुणाकडून शिकत नाही, तो खेड्यात जाऊन काय शिकवणार? मी त्यांना मनापासून क्षमा केली आणि फोन कट केला.

६ एप्रिल, रविवार
येसूबाईने चर्चबाहेर गाठलं. म्हणाली, लिवलंय ते वाचून दाव. पंधरा मिन्टांत आटप रं, तुज्यामागं सा जणं हायत. मत्सर, दुसरं काय!

१८ एप्रिल, गुड फ्रायडे, संध्याकाळ
पहिला शब्द कळायला बाकीचे सहा कळलेच पाहिजेत, म्हणून सातही घेतले. पावणेदोन तास. दुसरे वक्ते नानासो सारखे घड्याळ दाखवत होते. त्यांना व्यासपीठावरूनच क्षमा केली. बरेच लोक उठून गेले. ऊन फार. सातव्या शब्दाला येसूबाईला चारच मिनिटं मिळाली. तिला पुरली.

२० एप्रिल, ईस्टर
कुणी हात मिळवला नाही. खेड्यांवरच्या उपासना आमच्याच चर्चमधल्या सिद्धूला. दहावी पास सिद्धूला! हे कारस्थान येसूबाईचंच. उद्या सुनावतो.

२१ एप्रिल, सोमवार
सुनावलं. म्हटलं, तुम्हीच माझं नाव कापलंत. ती चहा गाळत होती. म्हणाली, आरं, तुजं नाव यादीत नव्हतंच. कमिटी न्हाईच म्हनत हुती. मी हात जोडलं, म्हनलं, बोलू द्या त्याला, चुकला तर माजं नाव खोडा.
विचारलं, मग?
म्हणाली, खोडलं की.
तीस वर्षं सातवा शब्द तीच बोलत आली. आता पुढल्या वर्षापासून नाही.
फार लाज वाटली. माफी मागायची होती. सुरुवात कशी करतात, ते शेवटी तिलाच विचारलं.