यमाजीचे दाणे बंद झाले

मी, म्हादू कान्हू विशे, वय अदमासे सदुसष्ट, धंदा चणे-शेंगदाणे भाजून विकणे, राहणार बाजारपेठ, शहापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावलेले नाही. दटावायला घरात कोणी उरलेलेही नाही.

राहते घर शेजारीण बाईजा हिला द्यावे. माझी बायको सावळी गेल्यापासून हिचीच भाकरी माझ्या ताटात आली. पैशाचे काढले की "गप जेवा दादा" म्हणायची. पोस्टातल्या रकमेतून माझे दिवसकार्य करावे, उरेल ते तिचेच.

कढई, झारा व चाळणी गुणाला द्यावी. म्हसा गावच्या जत्रेत तो माझ्याशेजारी दुकान मांडतो. घाई करून दाणे करपवतो, तरी धंदा त्यालाच येतो.

आता यमाजी देसले, गाडीवान, माझा मित्र. रोज दिवेलागणीला तो भट्टीजवळ येऊन बसायचा. मी गरम दाणे त्याच्या तळहातावर ठेवायचे, त्याने फुंकर मारत खायचे, आणि आम्ही गावाची उणीदुणी काढायची. गेल्या दिवाळीत त्याची छाती दुखली, तेव्हा मुलगा कमळाकर त्याला मुंबईला घेऊन गेला. रक्तात कोलेस्टेरॉल, म्हणजे एक जातीची चरबी, जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, तेलकट-तुपकट कमी करा. कमळाकरने घरी येऊन पहिले माझे दाणे बंद केले. तुपाचा डबा फळीवर तसाच राहिला.

यमाजी सांगायला आला. "म्हादू, आता नाय येत रे मी. दाणे दिसले का हात ऱ्हात नाय, आन् पोरगा वरडतो."

मी म्हटले, "नको खाऊ. नुसता बस."

"नुसता बसून काय करू रे?" म्हणाला आणि गेला.

इतकी वर्षे तो माझ्यासाठी येत होता की दाण्यांसाठी, हे मला ठरवता येत नाही. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असते, पण माणूस नसतो. मी एकटा पडलो आहे.

मी इथल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तूप आणि मटणाची चरबी कमी करायला सांगा. त्याऐवजी मूठभर भाजलेले दाणे, बिनमिठाचे, खुशाल खाऊ द्या." मी रोज दाणे खातो, म्हणून हट्टाने ठाण्याला जाऊन माझेही रक्त तपासून घेतले. ठीक निघाले. एकाच्या रक्तावरून दुसऱ्याचे ठरत नाही, असे डॉक्टरांनी बजावले, तेही लिहून ठेवतो. कमळाकरने हे ऐकून घेतले नाही. बापाच्या काळजीने केले हे मला समजते, तरी माझा त्याच्यावर राग आहे. त्याने मयताला यावे, खांदा देऊ नये.

यमाजीच्या नावे मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्याने सांगितले, आणि मला तो साक्षीला हवा आहे. तो येईल त्या दिवशी भट्टी पेटवणार नाही.

हे सर्व वाचून, समजून घेऊन सही केली.

शहापूर, ता. ११ फेब्रुवारी १९६३
म्हादू कान्हू विशे

साक्षीदार १ : वाल्मिक नामा भोईर, शिंपी. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २ : ही जागा यमाजीची आहे. दुसऱ्या कोणी सही करू नये. दोन साक्षींवाचून मृत्युपत्र पुरे होत नाही, तेव्हा तो येईपर्यंत मला मरता येत नाही.