मामाजींचे इंजिन आणि मामीच्या हृदयाच्या दोऱ्या

नागपूर,
डिसेंबर १९८६

तीर्थरूप मामाजींच्या पायांवर मुरारीचे डोके (ज्यात कोंडा भरला आहे असे तुम्ही म्हणता, तेच).

इकडे आम्ही दवाखान्यात, तेव्हा क्षेमकुशल जितके मावेल तितके आहे. तिकडे पवनीत तुमची धानगिरणी, गिरणीचे इंजिन आणि तुमचा राग, तिघेही खुशाल असावेत. मामी उशीला टेकून बसलेली असते, आडवी झाली की दम लागतो. पण इंजिनासारखे नाजूक दुखणे घरी सोडून तुम्ही तिच्याजवळ दोन दिवस राहिलात, हे उपकार काय कमी झाले?

तुम्ही मोठ्या डॉक्टरांना जे शिकवून गेलात, त्याची वॉर्डात अजून चर्चा होऊन राहिली. लहानपणच्या सांध्यांच्या तापाने मामीच्या हृदयाची एक झडप कडक झाली, ती ना धड उघडत ना धड मिटत, म्हणून काढून नवीन बसवू, असे ते म्हणाले तोवर तुम्ही मान डोलवत होता. पुढे ते म्हणाले की झडपेखाली बारीक दोऱ्या असतात, त्या खाली हृदयाच्या मांसाला बांधलेल्या असतात, त्यातल्या जमतील तितक्या राखू. झाले! "जुनं कायले ठेवता, डॉक्टरसाहेब? मी इंजिनचा वाल्व बदलतो त स्प्रिंग, गाईड, समदं नवीन टाकतो. अर्धं काम आपल्याकडे चालत नाही!" डॉक्टर पडले कमी शिकलेले (सारा जन्म पुस्तकांत गेला, इंजिनाला कधी हात नाही लावला). त्यांनी समजावले, पूर्वी सगळ्या दोऱ्या कापत, मग झडप चाले चांगली, पण हृदय ढिले पडून फुगे आणि त्याचा जोरच जाई. तुम्ही म्हणालात, "म्हणजे भंगार आतच!" आणि सही न करता सरळ एस.टी. गाठलीत.

भंगारावरून आठवले. लाखांदूरकडच्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) नाटक होते, तेव्हा केवळराम मंडपवाल्याने फाटके छत बदलले होते (मी तेव्हा त्या नाटक मंडळीबरोबर हिंडत होतो, राणीच्या आवाजापायी. पुढे राणी म्हणजे मंगरू न्हावी निघाला. असो). नवीन छताला जुन्या दोऱ्या शोभत नाहीत म्हणून केवळरामने ताणाच्या साऱ्या दोऱ्या कापल्या. छत झकास दिसले, पण खांब चहूकडे पाय पसरून निघाले आणि दुसऱ्या अंकात राजा मरायच्या आधी राज्यच खाली आले. तुम्ही पहिल्या रांगेत होता. कापडाखालून, खुर्चीसकट, तुमचाच आवाज आला होता, "कोण्या गाढवानं दोऱ्या कापल्या बे?"

मामाजी, हाच प्रश्न उद्या मामीच्या हृदयाने विचारू नये, म्हणून डॉक्टर दोऱ्या राखतो म्हणून राहिले. तेव्हा इंजिनाची परवानगी मिळाली तर या आणि सही करा. मामी वाट पाहील, पण तिचे हृदय किती दिवस पाहील ते डॉक्टर सांगत नाहीत.

आपला आज्ञाधारक (सवडीप्रमाणे),
मुरारी

ता. क. सहीसाठी धावपळ नको. वरचे लिहून मी चहाला गेलो (तिथे एक साप दाखवणारा भेटला, उशीर झाला), परत येतो तर मामीने नर्सबाईकडून शाई मागून आपलाच अंगठा लावला होता. म्हणाली, "जीव माहा आहे, त्याईच्या इंजिनचा नाही." मग पत्र टाकायचे राहूनच गेले. काल ऑपरेशन झाले. झडप नवीन, दोऱ्या जुन्या, आणि डॉक्टर म्हणतात जोर बरा आहे.

आणखी ता. क. नळी काढल्यावर पहिला शब्द बोलली, "ते आले काय?" मी म्हणालो, "खालीच उभे आहेत, वर सोडून नाही राहिले." तेव्हापासून दाराशी पाऊल वाजले की ती केसांवरून हात फिरवते. तुम्ही त्या दिवशी स्टँडवर दुपट्ट्याने डोळे पुसताना मी पाहिले होते (डिझेलचा धूर गेला म्हणालात, गाडी तर अजून यायचीच होती). म्हणून हे पत्र कंडक्टरच्या हाती पाठवतो. मिळताच निघा. आणि पोचल्यावर एकदम वर येऊ नका, थोडा वेळ खाली उभे राहा. तिच्याशी खोटे बोललो असे मला व्हायला नको.