चाकाले दगड

सौंसर, रविवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९८६

आज मी खोटं बोलली. दोनच शब्दांचं.

संत्र्याच्या पेट्या वाहून आमच्या जुन्या मोटारीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसले. गाडी इतकी खाली आली की आमचा जॅक आतच जाईना. शेजारचे दादाराव, रिटायर ड्रायव्हर, आपला बुटका जॅक देऊन गेले. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, मागच्या चाकाले दगड लावजो. नाही तं गाडी सरकन." तेवढ्यात दूध उतू गेलं, मी आत धावली. यांनी गाडीखाली शिरताना अंगणातून विचारलं, "दगड लावला का?" मी चुलीपासूनच म्हटलं, "हो, लावला." का म्हटलं?

गाडी सरकली, जॅक पडला. हे पाना घ्यायला नुकतेच गाडीखालून बाहेर आले होते, म्हणून कोपर खरचटण्यावरच भागलं. लगेच दादारावांच्या दारात जाऊन ओरडले, "भंगार जॅक देल्ला तुम्ही! मेलो असतो मी!" मी ऐकत उभी होती. हो, लावला.

दुपारी त्यांच्याकडे गेली. म्हातारा जॅक पुन्हा पुन्हा चढवून पाहत होता. "चांगला तं दिसून राहिला. माहीच नजर चुकली असन." तेव्हा कुठं मी खरं सांगितलं.

"मले नको सांगू," ते म्हणाले. "मनोहरले सांग. तो उद्या पुन्हा गाडीखाली जाईन."

आत्ता यांना सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. चप्पल घातली आणि दादारावांची माफी मागायला गेले. माझ्या चुकीची.