आईची कात्री

दादा,

तू येईपर्यंत थांबणार होते, पण ड्यूटी चुकवता येत नाही. चिठ्ठी मुद्दाम बाबांच्या शिलाई मशीनवर ठेवलीय, कारण हल्ली ते इथे बसतच नाहीत. आईच्या मशीनवर बसतात.

जेवण ओट्यावर झाकलंय. बाबांना बघून दचकू नकोस. आई गेल्यापासून ते एकदाही ओरडलेले नाहीत. जन्मभर डाव्या हाताने कापड कापणारा माणूस आता आईची कात्री उजव्या हातात धरतो, आणि रेघ जराही हलत नाही. दोराही दातानेच तोडतात. यावरूनच आईला रोज बोलायचे ना? तू फोनवर म्हणालास, दुःखाने माणूस बदलतो. आधी स्वतः बघ, मग मला शहाणपण शिकव.

ते विचारतील, "तुझे बाबा अजून कसे आले नाहीत गं?" आई लाडाने म्हणायची तसं तुलाही "गं" म्हणतील. वाद घालू नकोस. दोरा आणायला गेलेत म्हण.

आणि आरशावरची चादर काढू नकोस. काल मी चिडून त्यांना आरशासमोर उभं केलं, म्हटलं, "बघा, हे कोण?" ते लाजून हसले आणि आरशाला म्हणाले, "आलात? किती वाट बघायला लावलीत!"

छोटी