जाऊबाईंशिवाय घातलेली किमची

मोठ्या जाऊबाई,

यंदा कोबीची किमची घालायला तुम्हाला मी मुद्दामच बोलावलं नाही. गेल्या खेपेला चारचौघींत तुम्ही म्हणालात, "योनही, कोबी मिठात मुरलाच नाही. तुझ्यासारखाच अर्धकच्चा!" फार झोंबलं होतं हो.

यंदा तुम्ही बघायला नाही म्हटल्यावर रात्रभर मिठात ठेवायचा कोबी मी दोन तासांतच धुऊन काढला. मदतीला आलेल्या सगळ्या म्हणाल्या, "वा, झकास झालीय!" मीही हरखले. जेवणं उरकल्यावर बघते तर किमचीसोबत वाढलेलं उकडलेलं मांस फस्त, किमची मात्र तशीच.

हे पत्र पाठवायचा धीर नाही. किमचीचा डबा तेवढा पाठवतेय. एक घास घेतलात की तुम्हाला सगळं कळेलच.

तुमची अर्धकच्ची,
योनही