मनगट ढिलं

३ मार्च
आलं एकदाचं थंडरजॅक पिस्तूल! जाहिरातीत वीज पडते, गरुड ओरडतो. दुकानामागच्या मैदानात तिसऱ्याच गोळीला रिकामं काडतूस तोंडात धरून बसलं. दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं — गिळवेना, थुंकवेना!

५ मार्च
कंपनीला फोन. आधी गरुड ओरडला, मग मार्सी नावाची बाई. साखरेत घोळलेली. "सर, पिस्तुलात दोष नाही. चालवणाऱ्याचं मनगट ढिलं असणार, म्हणून अडकतं."
शेतावर गवताचे भारे उचलून वाढलो, त्यातून हे बंदुकांचं दुकान उभं केलं. माझं मनगट ढिलं म्हणे!

६ मार्च
ड्वाइटला बोलावलं. वासरं आडवी पाडून डाग देणारा गडी. त्याच्याही हातात अडकलं. परत फोन लावला. मार्सी म्हणते, "धिप्पाड माणसांचंही होतं, सर." ड्वाइट मागून गरजला, "म्हणावं, ये इकडे, हात मिळवू!"

९ मार्च
लोर्ना आली. शाळेची बस चालवते. जाहिरातीला भुलून पहिल्याच दिवशी थंडरजॅक घेऊन गेली होती. तिचा नवरा रस्टी शुक्रवारी तुरुंगातून सुटतोय — मागच्या खेपेस जबडा मोडला होता तिचा. पिस्तूल तिचंही अडकतंय. तिनेही मार्सीलाच फोन केला! आता मनगट घट्ट करायला हातात रबरी चेंडू, सारखी दाबतेय.
म्हटलं, "अगं बये, हे खेळणं ठेव इथे. माझ्याकडचं जुनं रिव्हॉल्व्हर ने, ते कधी अडकत नाही."
"नको रे एमेट. कंपनीवाल्यांना कळत असेलच ना? माझंच चुकतंय. रस्टीपण हेच म्हणायचा."


१० मार्च
मार्सीला सगळं सांगितलं. जबडा, शुक्रवार, चेंडू. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग — "सर, मनगट..." फोन आपटला! पोपटसुद्धा एखादे दिवशी वेगळं बोलतो.

११ मार्च
नव्या जाहिरातीत दोन गरुड.

१२ मार्च, गुरुवार
लोर्ना गोळ्या घ्यायला आली, तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर, दबका आवाज — मार्सी! "गाडीत बसून बोलतेय, सर. त्या बाईंना सांगा, त्यांच्या मनगटाला काही झालेलं नाही. सगळ्यांचंच अडकतंय. ते वाक्य आम्हाला वरून लिहून दिलंय."
"तूच सांग," म्हटलं आणि फोन लोर्नाच्या कानाला लावला.
ती ऐकत राहिली. मग चेंडू काउंटरवर ठेवला.
"ते जुनं रिव्हॉल्व्हर दाखव."