हात गेला, हात घातला

चिखली
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, दुपार

प्रिय अपेक्षा,

ताईचे आशीर्वाद. ओजसला गोड पापा. त्याचा समोरचा दात पडल्याचं आईकडून कळलं. तू माझा फोन घेत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस, म्हणून कागद घेतला. चिखलीहून दिघीला पत्र पाठवायचं म्हणजे तुला हसू येईल. पण कागदावर सही करता येते, आणि या पत्राखाली मला सही करायची आहे.

आम्ही ठीक. गुरुवारची सुट्टी, त्यामुळे तुझे दाजी घरीच आहेत. आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेत. काय करतायत ते पुढे सांगते.

माझं काम बरं चाललंय. पिंपळे गुरवच्या चारुलता मॅडम ऑपरेटरचे सुपरवायझर झालेल्यांना ऑनलाइन कोचिंग देतात. आठवड्यातून दोन वर्ग. वर्गात शिकवलेलं पक्कं व्हावं म्हणून मोबाईलवर भरायची वर्कशीट मी बनवते. या वेळच्या बॅचमध्ये चाकणच्या कंपन्यांचे सव्वीस जण आहेत. त्यात तुझे दाजीही आहेत, कंपनीने नाव पाठवलं. "आता बायकोचा गृहपाठ करायचा," असं पहिल्या दिवशी म्हणाले होते. उत्तरं फक्त मॅडम बघतात असा त्यांचा समज होता. मीही तो दुरुस्त केला नाही.

पहिल्या वर्कशीटमध्ये मी बारा चौकोन दिले होते, वाचा आणि टिक करा. सव्वीसच्या सव्वीस जणांनी चाळीस सेकंदांच्या आत सगळ्या टिका मारून पाठवल्या. 'मी कधीच कुणावर ओरडत नाही' यालाही टिक आणि 'मी रोज ओरडतो' यालाही टिक. मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण मला ती टिक ओळखीची वाटली. शिफ्टच्या सुरुवातीला मशीनची चेकलिस्ट ही माणसं अशीच भरतात. गार्ड ठीक, बटण ठीक, ऑइल ठीक. मशीनकडे न बघता.

मग मी टिका काढून टाकल्या. एकच मोकळा रकाना ठेवला आणि त्यात निदान दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही अशी सोय केली. आधी त्यात 'जय महाराष्ट्र' आलं, 'मॅडम चहा झाला का' आलं. मग मी प्रश्न बदलला. 'शिफ्टमधली अशी एक गोष्ट लिहा, जी तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिली नाही.' वर लिहिलं की नाव विचारलं जाणार नाही, फक्त क्रमांक दिसेल, आणि लिहिलेलं बाहेर जाणार नाही. हे वचन मी दिलं, अपेक्षा. मॅडमनी नाही.

उत्तरं माझ्या लॅपटॉपवरच्या तक्त्यात येतात. रकाने नीट भरले जातात की नाही एवढंच मला बघायचं असतं. एक फेब्रुवारीला क्रमांक चौदाचं उत्तर आलं. तेव्हापासून ते मला पाठ आहे.

'प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. टार्गेट होतं म्हणून डाव्या बटणात मी लाकडाची पाच्चर ठोकली, म्हणजे एका हाताने काम पटापट होतं. पुढच्या शिफ्टवाल्याला सांगायचं राहिलं. त्याला वाटलं डावा हात बटणावर नाही म्हणजे प्रेस येणार नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं.'

तू एव्हाना उभी राहिली असशील. बस. पुढे वाच.

क्रमांकावरून माणूस मला कळत नाही. पण मी शब्दांवर पोट भरणारी बाई. सव्वीस जणांत 'पाच्चर' अशी दोन च घालून लिहिणारा एकच. दाराला पाच्चर, पलंगाच्या पायाला पाच्चर, घरातल्या सामानाच्या यादीत गेली चौदा वर्षं मी तो शब्द बघते आणि दर वेळी खोडून 'पाचर' करते.

पाचरीचं मला त्या दिवशीच कळलं. ही माझ्या आईची शपथ. पण मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. इथपर्यंत येऊन दोनदा पेन खाली ठेवलं.

जूनमध्ये प्रेसवर तुझ्या दिग्विजयची दोन बोटं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी कंपनीला द्यायचा अहवाल एका चतकोर कागदावर लिहून आणला. म्हणाले, जरा नीट करून दे, मला भाषा जमत नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'काम करताना दिग्विजयचा हात गेला.' मी म्हटलं, असं चालत नाही, अहवालात करणारा दिसला पाहिजे. आणि मी टाइप केलं, 'कामगाराने निष्काळजीपणे हात आत घातला.' मला ते वाक्य चांगलं वाटलं होतं. स्वच्छ, अहवालासारखं. त्याच्या आधारावर त्याला घरी बसवतील हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी आठ महिने स्वतःला सांगितलं. आलं होतं. दाजींचं नाव त्यात येत नाही, हेही तेव्हाच डोक्यात आलं होतं.

दवाखान्याच्या जिन्यात अहवालाची प्रत हातात धरून तू मला विचारलंस, "ताई, दाजींना एवढं शुद्ध मराठी कुठून आलं?" मी म्हटलं, ऑफिसात कुणीतरी लिहिलं असेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि वर निघून गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

सोमवारी, सोळा तारखेला, दिग्विजयच्या चौकशीची शेवटची तारीख आहे हे मला माहीत आहे. त्या दिवशी ते वाक्य टिकलं तर त्याची नोकरी गेली आणि दोष कायमचा त्याच्या नावावर बसला.

मी चारुलता मॅडमना नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "उत्तर बाहेर गेलं तर उद्यापासून कुणी खरं लिहिणार नाही. तू वर्कशीट बनवतेस वर्षाली, निवाडे नाही." त्यांचं बरोबर आहे. म्हणून अकरा दिवस मी गप्प राहिले, आणि आज वर्कशीटच बनवली.

ती अशी आहे. 'आपण रोज अशी वाक्यं लिहितो. माल रिजेक्ट झाला. मशीन बंद पडलं. हात गेला. प्रत्येक वाक्यासमोर करणारा कोण ते लिहा.' सव्वीस जणांना तीच गेली आहे. पण तिसरं वाक्य कुणासाठी आहे हे तुला कळेल. मी नवऱ्यासाठी सापळा लावलाय. त्यांनी ते वाक्य भरलं नाही तर हे पत्र पोस्टात टाकायचं की नाही, अजून ठरत नाही.

दाजी आत तेच भरतायत. मी थांबते.

संध्याकाळी, सहा वाजता



समोरचा माणूस टाइप करतो तसं माझ्याकडे दिसतं. क्रमांक चौदाच्या पहिल्या रकान्यात आलं, 'मी. सेटिंग चुकलं.' दुसऱ्यात, 'मेंटेनन्स.' तिसरा रकाना रिकामा राहिला. आमच्या दोघांमध्ये एक भिंत, तिला कॅलेंडर लटकवलेलं, आणि मी स्क्रीनकडे बघत बसलेली. मग 'दिग्' एवढं उमटलं आणि पुसलं गेलं. 'कंपनी' आलं, तेही गेलं. 'टार्गेट' आलं. बराच वेळ राहिलं. मला वाटलं आता पाठवतील आणि सुटतील. मग एकेक अक्षर करत तेही गेलं, आणि एकच शब्द आला. 'मी.'

दाजी बाहेर आले, मोबाईल माझ्यासमोर ठेवला.

"हे तू वाचतेस."

"हो."

"कधीपासून?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवस मला भाकरी वाढलीस?"

मी उठले. कपाटातल्या फाइलमधून तो चतकोर कागद काढला. मी कुठलाच मसुदा फेकत नाही, ही माझी खोड तुला माहीत आहे. दाजींनी स्वतःचं अक्षर वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, "मी 'गेला' लिहिलं होतं." मी म्हटलं, 'घातला' मी केलं. वाटलं, आता माझ्यावर ढकलतील. क्षणभर तशी माझी इच्छाही होती. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तू केलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं, वर्षा. तेच वाईट आहे."

मग त्यांना हे पत्र वाचायला दिलं. वर्कशीटमधलं उत्तर त्यांचं आहे, वचन माझं आहे, त्यांनी नाही म्हटलं असतं तर ते पान मी फाडलं असतं. माझं पान तरीही पाठवलं असतं. त्यांनी सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे दोन च तसेच ठेवलेस?" मी म्हटलं, हो. "राहू दे. दुरुस्त करू नकोस." एवढंच बोलले आणि चपला घालून खाली गेले. अजून आलेले नाहीत.

सोमवारी ते चौकशीत तोंड उघडतील का, मला सांगता येत नाही. उघडलं तर त्यांची नोकरी जाईल, कदाचित पुढे आणखीही काही. मी त्यांच्या वतीने कबूल करू शकत नाही. माझ्या वतीने करू शकते. सोमवारी दहा वाजता मी कंपनीच्या गेटवर असेन. तू बोललीस तर तुझ्याशेजारी उभी राहीन, नाही बोललीस तर लांब. आत घेतलं तर सांगेन की अहवालातलं ते वाक्य सुपरवायझरचं नाही, माझं आहे, आणि मूळ वाक्य काय होतं तेही. नाही घेतलं तर दिग्विजयला या पत्रातलं माझं पान आणि सोबतचा चतकोर कागद चौकशीच्या टेबलावर ठेवायला सांग. मूळ कागद आहे, झेरॉक्स नाही.

दिग्विजय पहिल्या दिवसापासून 'माझा हात गेला' एवढंच म्हणत होता ना? बरोबर म्हणत होता. त्याने हात घातला नव्हता. हात मी घातला होता.

तुझी ताई,
वर्षाली

(सही केली आहे. खाली तारीखही घातली आहे.)